आतला हात

१

गाडीच्या पत्र्यातला पोचा काढायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हातोडी मारणारं आणि एक आतून डॉली धरणारं. डॉली म्हणजे मुठीत मावेल असा जड लोखंडी ठोकळा. तो पत्र्यामागे घट्ट दाबून धरला की घाव नीट बसतो आणि आवाज येतो ठण्ण. मागे डॉली नसेल तर पत्रा नुसता आत जातो आणि आवाज येतो थप. हा फरक कानाआधी मनगटाला कळतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझा डावा कान कामातून गेलाय आणि पुढचं ऐकल्यावर तुम्ही पहिलं बोट त्याच्याकडेच दाखवणार.

एकतीस वर्षं मी बाहेर आणि बायको आत. मी हा असा आडदांड, दारातून आडवा होऊन शिरणारा. ती चणीने लहान. गाडीचं सीट काढलं की आत मांडी घालून बसायची आणि माझा हात जिथे कोपरापर्यंतही जात नाही अशा सांदीत खांद्यापर्यंत हात घालायची. येणारे-जाणारे चेष्टा करायचे, "काय हो, बायकोला कोंडून मारताय होय?" आतून उत्तर यायचं, "मारू द्या. बाहेर आले की माझी पाळी."

ठोकताना बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आमची टकटक ठरलेली होती. आतून डॉलीने एकदा टक केलं की धरलंय, मारा. दोनदा म्हणजे सरकतेय. तीनदा म्हणजे थांबा. आम्ही उभ्या जन्मात एकमेकांना नावाने हाक मारली नाही. घरी 'अहो' आणि 'अगं', दुकानात टकटक. संसार त्यावर बरा चालला.

दुकानात सहा डॉल्या होत्या, पण तिची एकच. अंगाच्या साबणाच्या वडीसारखी गोल झिजलेली, म्हणून तिचं नाव साबण. हातातून निसटू नये म्हणून तिने त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. ती गेली त्या दिवसापासून साबण सापडत नव्हता. सगळं दुकान मी पालथं घातलं. साधा ठोकळा तो, पण तिच्या हातातली शेवटची वस्तू होती.

२

गाडी कप्तानांची. आयुष्य बोटीवर काढून आता जमिनीवर कंटाळलेला माणूस. गाडी त्यांच्याहूनही म्हातारी. कुठल्याशा गोदामात कोंबड्यांनी तिच्यात पिढ्या वाढवल्या होत्या. कप्तानांना तिची हॉट रॉड करायची होती. म्हणजे छप्पर चार बोटं खाली उतरवायचं, मडगार्ड काढून टाकायचे, दांडगं इंजिन उघडंच बसवायचं आणि मागचा भाग नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत करायचा.

असल्या गाडीचा एकही पत्रा बाजारात मिळत नाही. कागदाचा साचा कापायचा, त्यावरून पत्रा कापायचा, वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीने फुगवायचा, गाडीला लावून बघायचा, शिव्या द्यायच्या, काढायचा आणि पुन्हा ठोकायचा. आम्ही दोघांनी पाच महिने खपून तीन बाजू केल्या. मागचा उजवा कोपरा वेल्डिंगचे टाके मारून जागेवर धरला होता, त्याची गोलाई आणायची राहिली होती. त्याच कामात एका दुपारी ती गेली. छातीत कळ आली, स्टुलावर बसली, पाणी मागितलं. मी माठातून पेला भरून आणेपर्यंत संपलं होतं. लोकांना मी एवढंच सांगितलं.

मुलीलाही एवढंच सांगितलं. ती दवाखान्यात नर्स आहे, दोन तासांच्या गावाला राहते. तिने मात्र खोदून खोदून विचारलं. आधी काही म्हणाली होती का? घाम आला होता? हात दुखतोय म्हणाली? मी म्हटलं, नाही गं, काहीच नाही, एकदम झालं. तेव्हा ती रडत म्हणाली, "मला म्हणाली होती, बाबा. तीन दिवस आधी, फोनवर. डावा हात भरून येतो म्हणाली. आणि मी, नर्स असून, काय म्हटलं? डॉली धरणारा हात आहे, दुखणारच."

मी तिला जवळ घेतलं आणि गप्प बसलो.

आठ महिने गाडी ताडपत्रीखाली होती. मुलगी म्हणत होती दुकान विका, माझ्याकडे या. कप्तान भले गृहस्थ, घाई केली नाही. पण एक दिवस ते आले, ताडपत्रीवरून हात फिरवून निमूट निघून गेले, आणि मलाच माझी लाज वाटली. एक कोपरा तर राहिलाय, म्हटलं. वाळूची पिशवी मागे अडकवून कसंबसं करू आणि मग कुलूप लावू.

३

दुपारची वेळ होती. शेजारच्या खराद्याच्या दुकानातलं लेथ जेवणाच्या सुट्टीला बंद झालं की आमच्या गल्लीत एकदम शांत होतं. छपराच्या भोकांतून उन्हाचे कवडसे गाडीवर पडले होते. पिशवी अडकवण्याआधी पत्रा कुठे ढिला आहे ते बघावं म्हणून मी सहज एक हलका घाव घातला.

ठण्ण.

मी हातोडीकडे बघितलं. मग वीतभर खाली मारलं. थप. पुन्हा वर मारलं. ठण्ण.

आता पत्राकाम करणारा माणूस भुताखेतांच्या आधी पत्र्याचा विचार करतो. मी म्हटलं, साबण सापडला! त्या कोपऱ्यात बाहेरचा पत्रा आणि चाकावरची आतली कमान यांच्यामध्ये चिंचोळी पोकळी आहे. त्या गडबडीत साबण तिथेच अडकून राहिला असणार. आमचा नियमच आहे, कुठलीही पोकळी बंद करण्याआधी आतली हत्यारं मोजायची. त्या दिवशी कोण मोजणार होतं? मी दारातून आत शिरलो, पोकळीच्या तोंडाशी लोळलो आणि हात घातला. कोपरापर्यंत गेला आणि घोडं अडलं. बॅटरी मारली तर कमानीचं वळण आडवं आलं.

बाहेर येऊन त्याच जागी मारलं. थप. म्हटलं, हलला असेल माझ्या खटपटीने. चार बोटं पुढे मारलं. थप. आणि तेवढ्यात आतून, अगदी हलकेच, दोनदा टक टक झालं. मग एकदा. टक.

हातोडी आपसूक त्या जागेवर गेली. ठण्ण.

मी दुकानाचं दार उघडं टाकून रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. समोरून एक बाई भाजीची पिशवी घेऊन चालली होती, तिने विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, ऊन लागलं. मनी वसे ते स्वप्नी दिसे, असं म्हणतात. पण मी जागा होतो, आणि माझ्या मनगटात तो ठणका अजून होता.

४

दुसऱ्या दिवशी मी नवा शर्ट घालून दुकानात गेलो. हसू नका.

नऊ दिवस आम्ही काम केलं. 'आम्ही'च म्हणतो. खराद्याची सुट्टी झाली की मी हातोडी उचलायचो. टक, ठण्ण. टक टक, सरकली. टक, ठण्ण. पत्रा असा वळत होता की तिच्या उमेदीच्या वर्षांतही वळला नसेल. मी बडबडायचो. दुकानावरच्या खोलीतला भाडेकरू किती आगाऊ आहे, मुलगी किती वाळलीय, मला भात अजूनही कसा करपवता येतो. उत्तर नसायचं, पण टक यायचं. मला तेवढं पुरत होतं. खरं सांगायचं तर आठ महिन्यांत मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

पाचव्या दिवशी कोपरा पूर्ण झाला. मी तळवा फिरवून बघितला, कुठे खोट नव्हती. आता टाक्यांची शिवण भरायची आणि पोकळीचं तोंड बंद करायचं, इतकंच उरलं होतं. मी काय केलं असेल? मोगरी घेतली आणि त्या गुळगुळीत पत्र्यावर मुद्दाम एक पोचा पाडला. मग तो काढायला हातोडी उचलली.

दुसरा पाडला. मग तिसरा.

असं केलं की पत्रा ताणतो आणि पातळ होत जातो. माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी हे ओरडून सांगितलंय. सहाव्या दिवशी टक यायला वेळ लागू लागला. सातव्या दिवशी ठण्णचा आवाज जरा सैल आला, जसं धरणाऱ्याचं मनगट थकलं असावं.

आठव्या दिवशी तीन आले. टक, टक, टक.

मी ऐकले. उजव्या कानाने, स्वच्छ. आणि म्हणालो, "झालंच, एवढं संपवू." मग कानाडोळा करून मारत राहिलो.

नवव्या दिवशी सकाळी मागच्या दिव्याचं भोक कापलं होतं, त्यातून मी आत बघितलं. बघायचं नव्हतं. पण छपरातला कवडसा नेमका त्या भोकातून पोकळीत तिरका उतरला होता, आणि मी घामाघूम होऊन वाकलो तेव्हा डोळा तिथेच आला. साबणाचं काळं रबर दिसलं. त्यावर दोन बोटं होती. एकाला पांढरी चिकटपट्टी होती. ती गेली त्या दिवशी सकाळी तिला पत्र्याची कात्री लागली म्हणून मीच लावून दिलेली. आठ महिन्यांनीही ती पट्टी तशीच कोरी होती. आणि ती बोटं थरथरत होती. खूप वेळ जड काही धरून ठेवल्यावर थरथरतात, तशी.

मी डोळा मिटला. मग सरळ उभा राहिलो आणि पुन्हा हातोडी उचलली. या गोष्टीत कुणाला घाबरायचंच असेल तर इथे घाबरा, आणि माझ्याकडे बघून घाबरा.

५

दहाव्या दिवशी, न कळवता, मुलगी आली. भाडेकरूने फोन केला होता म्हणे, की बाबा दुकानात एकटेच बोलतात.

तिने आधी मला बघितलं, मग गाडी. मग कोपऱ्यावरून हात फिरवला. लहानपणी ती याच दुकानात रांगली आहे, हात आईचाच आहे तिचा.

"बाबा, हा भाग झाला होता ना?"

"राहिलंय थोडं."

"किती ठोकलाय हा! पातळ झालाय. अजून दोन दिवस ठोकाल तर फाटेल." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "संपवायचं नाहीये तुम्हाला."

मी मोगरी वाळूच्या पिशवीआड सरकवली.

"चला, आज संपवू. मी धरते आतून."

"नको."

"का नको? आईचा हात जात होता तर माझाही जाईल."

"तुझं काम नाही ते."

"माझं काम काय मग? फोनवर सल्ले द्यायचं?" तिचा आवाज फाटला. "मला एकदा तरी तिच्या जागी बसू द्या, बाबा. मी रोज तो फोन ऐकते. रोज तिला तेच उत्तर देते. निदान तिचं एक काम तरी मला पुरं करू द्या."

फळीवरची एक डॉली उचलून ती दारातून आत शिरली. मी तिला ओढून बाहेर काढायला हवं होतं. चोराच्या मनात चांदणं. काढलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.

६

"हात घातला," ती आतून ओरडली. खराद्याची सुट्टी झाली होती, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. "गार आहे इथे."

मी हातोडी उचलली. शेवटचा पोचा उरला होता, तळव्याएवढा. आतून टक झालं. मी मारलं.

ठण्ण.

"बाबा?"

"काय?"

"थांबा की. मी अजून डॉली लावलीच नाही. मांडीवर आहे माझ्या."

कवडशातली धूळ तेवढी हलत होती. मी म्हटलं, "हात काढ बाहेर."

ती म्हणाली, "इथे..." आणि थांबली.

टक. टक. टक.

"हे मी नाही वाजवलं," ती हळू आवाजात म्हणाली. "माझ्या बोटांशेजारी वाजलं. बाबा, तीन म्हणजे काय?"

तिला ठाऊक नव्हतं. टकटक आमची दोघांची होती, पोरीला कधी शिकवलीच नव्हती. मला खोटं बोलता आलं असतं. एकतीस वर्षांत दुकानात ऐकलेल्या कुठल्याही आवाजाचं नाव घेता आलं असतं, आणि ती बिचारी मानून घेती.

"तीन म्हणजे थांबा," मी म्हणालो.

मी पत्र्याच्या जवळ सरकलो.

"त्या दिवशी तिने तीन वाजवले होते. मला ऐकू आले होते. त्या दिवसाची चार बोटांची रेघ ठोकायची राहिली होती, मी म्हटलं झालंच. ओरडून म्हटलं. आणि मारत राहिलो." मी पत्र्याला कपाळ टेकलं, आत तिला ऐकू जावं म्हणून. त्यांना दोघींना. "ती बाहेर आली तेव्हा तोंड घामाने ओलं होतं. हसली. म्हणाली, अहो, बहिऱ्याशी संसार केला मी. मग पाणी मागितलं. तुझ्या फोनने काही झालं नाही, पोरी. तुझ्या फोननंतरही तीन दिवस ती माझ्याचसमोर होती. आणि शेवटी तिने मला थांब म्हटलं होतं. मला."

आतून आवाज आला.

"किती?"

"काय किती?"

"तीन वाजल्यावर किती घाव घातलेत?"

मी मोजले होते. न मोजता येतं का? "अकरा."

आत कपड्यांची सळसळ झाली. मग ती "आई गं" म्हणाली. दचकून नाही. लहानपणी ताप उतरताना कुशीवर वळून म्हणायची, तशी.

ती बाहेर आली तेव्हा खांद्यापर्यंत हात धुळीने माखला होता आणि मुठीत साबण होता. काळ्या रबराची पट्टी, गोल झिजलेली कड. मी हात पुढे केला. तिने दिला नाही.

"अडकलेला होता का?" मी विचारलं. अजूनही पत्र्याचाच विचार करत होतो.

"नाही." ती माझ्याकडे बघत होती, पण मी दिसत नव्हतो बहुधा. "हातात दिला. माझी बोटं त्याच्यावर मिटवली आणि मग सोडला." तिने साबण गालाला लावला. "अजून गरम आहे."

मग तिने पर्स उचलली. दाराशी थांबून म्हणाली, "आठ महिने, बाबा. आठ महिने मी स्वतःला खात होते, आणि तुम्ही मला जवळ घेऊन बसत होतात."

ती गेली. साबण घेऊन गेली, आणि तो तिचाच होता.

७

मुलगी गेल्यावर मी गाडीपाशी उभा राहिलो. "अगं," म्हटलं. मग आणखी एकदा म्हटलं. टक आलं नाही.

मी त्या शेवटच्या पोच्यावर मारलं, बेताचाच घाव.

थप.

पत्रा आत गेला आणि तिथेच राहिला. मी हातोडी खाली ठेवली. आठ महिन्यांपूर्वीच ठेवायला हवी होती, पण ठेवली.

दुसऱ्या दिवशी शिवण भरली, कानशीने घासली. हत्यारं मोजली. सहाच्या जागी पाच डॉल्या फळीवर. सहावी कुठे आहे ते मला ठाऊक होतं, म्हणून मोजणी बरोबर धरली आणि पोकळीचं तोंड बंद केलं.

चार दिवसांनी मुलीचा फोन आला. "जेवलात का?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. तिने फोन ठेवला नाही, आणि मीही कानाला लावून बसलो.

कप्तान गाडी न्यायला आले तेव्हा पोराटोरांसारखे तिच्याभोवती फिरले. छपरावरून, दारांवरून, मागच्या गोलाईवरून तळवा फिरवत उजव्या कोपऱ्यापाशी आले आणि बोट थांबलं. रंग लागायच्या आधी पोचा हातालाच कळतो.

"मिस्त्री, इथे एक राहिलाय हो."

"तो तसाच राहू दे, कप्तान."

"अहो, तुमच्यासारख्याच्या हातचं काम. दोन मिनिटांत निघेल."

"नाही निघायचा. तो काढायला आत माणूस लागतं."

कप्तान काय समजले कोण जाणे. त्यांनी दिव्याच्या भोकातून आत डोकावून बघितलं. मग बाजूला सरकून त्यांनी मला जागा करून दिली, आणि मीही वाकून बघितलं. कवडसा नेमका आत उतरला होता. आत कुणी नव्हतं.